हवापाणी

बिघडलेली वस्तू मनुष्यास त्रास देते ही समजूत सार्वत्रिक असली, तरी दीर्घ अवलोकनान्ती माझे मत असे झाले आहे की, बिघडलेल्या वस्तूइतके सुख दुसऱ्या कशातही नाही. कारण तिच्या नावाने खडे फोडता येतात, तिच्या निमित्ताने मिस्त्रीकडे खेटे घालता येतात, आणि नात्यातल्या लग्नापासून घरच्या दळणापर्यंत कोणतेही काम तिच्याकडे बोट दाखवून तहकूब ठेवता येते. खरी पंचाईत होते ती विनातक्रार चालणाऱ्या वस्तूची. सकाळी किल्ली फिरवली की चालू आणि सायंकाळी फिरवली की बंद, मधल्या वेळात कुरकुर नाही की कण्हणे नाही, अशी मोटार ज्याच्या दारात उभी आहे त्या गृहस्थाने चारचौघांत बोलावे तरी कशाविषयी? लातूरनिवासी आमचे भाचे नेमक्या याच संकटात सापडले होते.

हे भाचे लातूरच्या एका शिकवणीवर्गात पदार्थविज्ञान शिकवतात. जे येते त्याचीच इतकी उजळणी करून घ्यायची की परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याच्या बुद्धीआधी त्याचा हातच उत्तर लिहू लागावा, हा ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर गाजलेल्या पद्धतीचा प्राण होय. आणि त्या पद्धतीत मुरलेल्या मनुष्यास एखादी गोष्ट केवळ ठीक चालली आहे एवढ्या कारणावरून तिला मोकळे सोडणे जमत नाही. गाडी त्यांची पोलो जीटी टीएसआय, जुन्या बाजारातून हौसेने निवडून आणलेली. ही जात २०१३ साली आपल्याकडे आली, चाकणच्या कारखान्यात तयार होत असे, आणि इंजिन अवघे १.२ लिटरचे असूनही टर्बोच्या कृपेने १०५ अश्वशक्ती बाळगून होती. २०२२ साली चाकणला पोलोचे उत्पादन थांबल्यापासून तर ती बाळगणारे लोक तिच्याकडे वडिलोपार्जित दागिन्याच्या दृष्टीने पाहू लागले आहेत.

अश्वांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नांदेडहून लातूरला जाताना वाटेवर माळेगाव लागते. तेथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेत घोड्या-गाढवांचा मोठा बाजार होतो. तहसील कचेरीत कारकुनी करीत असताना यात्रेच्या कामावर माझी रवानगी होत असे. गिऱ्हाईक घोड्याचा जबडा उघडून दात पाहते, खूर उचलून पाहते, चार पावले चालवून पाहते, आणि मग रुमालाखाली बोटे धरून सौदा करते, हे सर्व मी पाहिले आहे; परंतु धडधाकट घोडा विकत घेऊन घरी आणल्यावर त्याचे नाक काढून त्या जागी दुसरे बसवावे, असे त्या बाजारात कोणास सुचल्याचे माझ्या ऐकिवात नाही. भाच्यांस ते सुचले.

“मामा, गाडीचा श्वास कोंडायलाय,” ते एके दिवशी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले.

मी म्हणालो, “चांगली तर पळायलीय.”

“पळायलीय हो. पण कोंडून पळायलीय.”

त्यानंतर आमटी निवेपर्यंत व्याख्यान झाले. एक किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंजिन आपल्या बळावर ओढून ओढून किती हवा ओढणार? म्हणून आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्वित्झर्लंडच्या अभियंत्याने १९०५ साली एक एकस्व मिळवले, ज्याचा मथितार्थ असा की, इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राच्या जोडीदाराने ताजी हवा दाबून इंजिनाच्या मुखात कोंबावी. हे चक्र, म्हणजेच टर्बो, आजच्या गाड्यांत मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेते. एवढ्या महत्त्वाच्या अधिकाऱ्यास कंपनीने मात्र एका काळ्या प्लास्टिकच्या पेटीतून, कागदी गाळणीतून आणि अरुंद नळीतून श्वास घेण्यास भाग पाडले आहे, हा अन्याय भाच्यांच्या जिव्हारी लागला होता. उपाय एकच: ती पेटी काढायची आणि तिच्या जागी रुंद नळी व शंकूच्या आकाराची तेल लावलेली सुती गाळणी बसवायची. त्या साहित्यास एअर इनटेक म्हणतात आणि त्यास वीस-बावीस हजार रुपये पडतात.

“म्हणजे गाडी पेट्रोलवर नव्हं, हवेवर चालते म्हण की,” आमचे दाजी, म्हणजे भाच्यांचे तीर्थरूप, म्हणाले. त्यांची लातूरच्या मोंढ्यात अडत आहे आणि सोयाबीनचा ओलावा ते मुठीत धरून सांगतात.

“एका अर्थी हो, बाबा.”

“मग पंपावर कामून थांबतोस?”

भाच्यांनी हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला. दाजींनी मात्र शेवटचा घास घेता घेता आणखी एक शंका उपस्थित केली, जिचे उत्तर पदार्थविज्ञानात अद्याप सापडलेले नाही: “हवा तर आजवर फुकट होती ना रे?”

फुकट वस्तू पैसे देऊन मागवण्याची लातूरला सवय नाही असे कोणी समजू नये. २०१६ च्या एप्रिलात ज्या शहराने मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी मागवले, त्या शहरातील नागरिकाने पुण्याहून कुरियरने हवा मागवली तर त्यात आश्चर्य ते काय? खोके आले. ते उघडण्याचा समारंभ मात्र नांदेडला, माझ्या अंगणात ठरला. कारण ‘सर’ गाडीखाली उताणे पडलेले विद्यार्थ्यांच्या पालकांनी पाहणे हे त्या व्यवसायात पतीस बाधक असते, आणि माझी पत कोणत्याही दृश्याने कमी होण्याच्या पलीकडे गेलेली आहे, यावर घरातील सर्वांचे एकमत होते.

खोक्यात एक सूचनापत्र होते. त्यावर ‘कौशल्य: प्राथमिक’ आणि ‘अवधी: ४५ मिनिटे’ असे छापले होते. ज्या देशात हे पत्र लिहिले गेले तेथे मे महिना नसावा, मामा नसावा, आणि दर पाच मिनिटांनी “काय बिघडलं?” असे विचारत फाटकाशी थांबणारे शेजारी तर मुळीच नसावेत. नांदेडच्या उन्हात बॉनेटला हात लावताच भाच्यांच्या तोंडून जो उद्गार निघाला तो त्यांनी कधी वर्गात काढला नसेल अशी आशा आहे. माझी नेमणूक बॅटरीधारक या पदावर झाली. या पदाची कर्तव्ये वरकरणी सोपी दिसतात, पण त्यास लागणारी अंतर्ज्ञानाची पात्रता माझ्यापाशी नव्हती.

“मामा, उजेड इकडं.”

“इकडं म्हणजे कुठं?”

“मी बघायलोय तिकडं.”

“तू कुठं बघायलास ते तुझ्या डोक्यामुळं दिसंना.”

पेटीचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत; त्यांच्या डोक्यात षट्‌कोनी चांदणीच्या आकाराची खाच असते आणि तिला चांदणीचीच किल्ली लागते. ती किल्ली शोधण्यात सकाळचा उत्तरार्ध गेला. मग एकेक स्क्रू निघू लागला, मी तो ओंजळीत घेऊन वाटीत ठेवू लागलो, आणि सर्व काही सुरळीत चालले आहे असे वाटते न वाटते तोच एक स्क्रू भाच्यांच्या घामट बोटांतून निसटला. टिण्, टिण्, असा आवाज दोन ठिकाणी झाला आणि नंतर काहीच झाले नाही. पूर्वीच्या मोटारींतून पडलेली वस्तू जमिनीवर पडत असे, कारण तिला जाण्यास दुसरी जागा नसे. नव्या मोटारीच्या पोटाखाली मात्र प्लास्टिकचे एक कवच असते. वरून पडलेले सर्व काही ते पोटात घेते आणि वर्षानुवर्षे सांभाळते. आम्ही गाडी हलवली. शेजारी हलवू लागले. आत तो खुळखुळ वाजे, परंतु हजर होण्यास तयार नसे.

अखेर भाच्यांच्या मामींनी रेफ्रिजरेटरच्या दारावरचे आंब्याच्या आकाराचे चुंबक काढून दिले, ते सुतळीस बांधून विहिरीत गळ सोडावा तसे आत सोडले, आणि पुष्कळ आराधनेनंतर ‘टक्’ असा शुभध्वनी झाला. सुतळी वर ओढली. चुंबकास स्क्रू होता. पण तो आमचा नव्हता. गंजलेला, जाडजूड, कोण्या पूर्वकालीन मिस्त्रीच्या हातून निसटलेला तो स्क्रू कोठला असावा, या विवंचनेत आमचा मूळ स्क्रू बाजूस पडला; आणि गाडी एका अनोळखी स्क्रूवाचून इतके दिवस कशी चालली हे कोडे सुटल्याशिवाय पुढचे काम करू नये, असे दाजींनी फोनवरून बजावले. सायंकाळी काम पुढे गेले ते कोडे सुटले म्हणून नव्हे, तर उजेड सरत चालला म्हणून.

नळी बसली, क्लॅम्प आवळले गेले, शंकू आपल्या जागी विराजमान झाला. भाच्यांनी किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि तिच्याबरोबर समोरच्या तबकडीवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवाही चालू झाला, जो मी त्यापूर्वी कधी पाहिला नव्हता आणि भाच्यांनीही, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले. चौकातले मिस्त्री बोलावले. ते उर्दू शाळेत शिकलेले, अतिशय अदबशीर गृहस्थ. त्यांनी आधी गाडीकडे, मग वाटीतल्या स्क्रूंकडे, मग माझ्याकडे पाहिले.

“अच्छी-खासी गाडी थी साब. कायकू खोले?”

“हवा जास्त जाण्यासाठी,” मी म्हणालो.

“हौ,” ते म्हणाले. आणि त्या एका अक्षरात जेवढी करुणा मावते तेवढी त्यांनी भरली. मग त्यांनी दोन बोटांनी सेन्सरचे एक सॉकेट दाबले. ‘कट्’ असा आवाज झाला. खिशातल्या यंत्राची वायर गाडीस जोडून त्यांनी दिवा विझवला, चहा घेतला, मजुरी घेण्यास नकार दिला, आणि नकार देताना दीडशे रुपये घेतले.

परंतु यंत्र बसवणे हा या उद्योगाचा केवळ आरंभ असतो. त्याचा मुख्य भाग म्हणजे साक्षीपुरावा गोळा करणे. भाच्यांनी मला शेजारी बसवले, तरोडा नाक्यापलीकडे मोकळा रस्ता लागताच पाय दाबला, पाय उचलला, आणि गाडीने एक दीर्घ सुस्कारा सोडला.

“फरक जाणवायलाय का, मामा?”

हा प्रश्न प्रश्न नसून समन्स आहे, हे मी तीस वर्षांच्या कचेरीतील अनुभवावरून ओळखले. ज्याने वीस-बावीस हजार रुपये दिले, ज्याची बोटे भाजली, ज्याच्या पाठीस उन्हाने चट्टे उठले, तो मनुष्य डोळ्यांत प्राण आणून विचारत असता ‘नाही’ हे उत्तर व्याकरणाने शक्य असले तरी नात्याने शक्य नसते. “जाणवतो तर,” मी म्हणालो, आणि साक्षीदार क्रमांक एक म्हणून माझी नोंद झाली. त्यानंतर मामींची जबानी झाली. त्यांनी “गाडी उसासे कामून टाकायलीय, तिला काय झालं?” असे विचारून फिर्यादी पक्षास क्षणभर अडचणीत आणले, परंतु उसासे हाच फरक आहे असे समजावल्यावर त्यांनीही फरक मान्य केला. शेजारच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी गाडी बंद उभी असतानाच बॉनेटवर हात ठेवून फरक ओळखला. नाक्यावर हवालदारांनी हात दाखवून गाडी थांबवली, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. कारण मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मी आदल्या रात्रीच वाचले होते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफार केल्यास दर फेरफारास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही असे त्या कायद्यात लिहिल्याचे मला स्मरत होते. ‘टर्बोयुक्त मोटारीच्या नासिकेत फेरफार करण्यास मंजुरी मिळणेबाबत’ असा अर्जही मी मनातल्या मनात रचला होता, सहपत्रांसह. हवालदारांनी बॉनेट उघडायला लावले, चकचकीत नळीकडे पुष्कळ वेळ पाहिले, आणि हळूच विचारले, “फरक पडतो का हो?” साक्षीदारांच्या यादीत पोलीस खात्याचे प्रतिनिधित्व मिळाल्याने भाचे त्या दिवशी जेवताना अधिक पोळ्या जेवले.

सुस्काऱ्याचे शास्त्र मागाहून समजले. पाय उचलला की टर्बोने दाबून ठेवलेली हवा एकाएकी निराधार होते. तिला एका झडपेवाटे मागे, श्वासनलिकेत सोडून देतात. पूर्वीही गाडी सुस्कारे टाकतच होती. पण कंपनीच्या काळ्या पेटीने ते खानदानी घराप्रमाणे आतल्या आत ठेवले होते. आता पेटी गेली आणि घरची गोष्ट रस्त्यावर आली, एवढेच. ती पेटी मी कोणास न विचारता माळ्यावर ठेवली. मामींनी तिच्यात कुरडया भरल्या. हवा जाईल पण धूळ जाणार नाही, अशा भांड्याची त्यांना वर्षानुवर्षे निकड होती म्हणे.

शिक्षकाचा पिंड मात्र तोंडी साक्षीवर भागत नाही. भाच्यांनी फोनवर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तपमान पाहण्याची सोय केली, आणि तेथे घात झाला. कंपनीची पेटी आपली हवा पुढच्या जाळीजवळून, बाहेरची ताजी अशी घेत असे. नवा शंकू बॉनेटच्या आत, इंजिनाच्या उबेत बसून श्वास घेत होता. नांदेडला बाहेर त्रेचाळीस अंश, आय.टी.आय.च्या सिग्नलवर गाडी उभी राहिली की आतला आकडा साठीपलीकडे जाई. उष्ण हवा विरळ असते. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांच्या हवेत सुमारे नऊ टक्के माल कमी भरतो, हे स्वतः भाचेच दरवर्षी फळ्यावर लिहीत आले होते. तथापि ज्ञान विद्यार्थ्यांसाठी असते. त्यांनी मामींच्या स्वयंपाकघरातील पोळ्या गुंडाळण्याची चकाकती फॉइल घेऊन शंकूभोवती तटबंदी उभारली. त्या दिवसापासून बॉनेट उघडले की आत कोणाचा तरी डबा ठेवला आहे असा भास होतो.

“लातूरला नेल्यावर बघा,” भाचे म्हणाले, “तिथं हवा थंड असते.”

परंतु नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंच, तर लातूर बालाघाटच्या पठारावर सुमारे ६३० मीटर. म्हणजे तेथे हवा थंड असली तरी मुळात थोडी विरळ. येथे उष्मा आडवा येतो, तेथे उंची आडवी येते. त्यामुळे त्या यंत्राचा संपूर्ण गुण येण्यासाठी गाडी मार्गशीर्षातल्या पहाटे एखाद्या समुद्रकिनारी न्यावी लागेल, आणि आमचा मराठवाडा किनाऱ्यापासून किती दूर आहे हे भूगोलाच्या शिक्षकास विचारावे.

रीतसर चाचणी अहमदपूर-चाकूर रस्त्यावर झाली. थांबलेल्या गाडीने ठरलेला वेग किती सेकंदांत गाठला, हे फोनवर मोजण्याचे काम माझ्या अंगठ्याकडे होते. पहिल्या चाचणीत उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, गाणी लावलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या मधोमध निघाला, आणि १०५ अश्व त्याच्या मागून, फडाच्या ढासळत्या कांड्या चुकवीत, वरातीच्या वेगाने चालले. दुसऱ्या चाचणीत आकडा काही कौतुकाचा आला नाही. तिसऱ्यात मात्र तो झर्रकन सुधारला आणि भाच्यांनी रस्त्याच्या कडेस गाडी उभी करून माझा हात हातात घेतला. त्या दोहोंच्या दरम्यान दाजींच्या ओळखीच्या दुकानी आम्ही ताईने, म्हणजे भाच्यांच्या मातोश्रींनी, दिलेले तुरीच्या डाळीचे पोते उतरवले होते, आणि मामीही तेथेच पाणी प्यायला म्हणून उतरून थांबल्या होत्या. ही वस्तुस्थिती मी अभिलेखात घेतली नाही. डाळ व धर्मपत्नी वजा केल्यास कोणतीही गाडी सुधारते, असा निष्कर्ष काढून घरी परतण्याचे धैर्य माझ्यात नाही.

दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या. शेताशेतांतून भुसा उडू लागला, लातूरच्या डाळमिलांनी त्यात आपली भर घातली, आणि काळ्या मातीची धूळ तर आमच्याकडे बारमाही असते. सुती गाळणी धुता येते, हा तिचा मोठा गुण भाच्यांनी आरंभीच सांगितला होता. धुवावी लागते, हा भाग तेव्हा निसटला असावा. आता ते सुटीच्या दिवशी ती विशिष्ट द्रावाने धुतात, सावलीत वाळवतात, आणि मोजून तेल लावतात. कमी लावले तर धूळ आत जाते आणि जास्त लावले तर तेल आत जाते. “लेकराला सुद्धा मी एवढं मालिश केलं न्हाई,” असे ताई म्हणते. दाजी मात्र येता-जाता एकच चौकशी करतात: “अ‍ॅव्हरेज वाढलं का?” आणि भाचे दर वेळी, पाय थोडा जास्त दाबला जातो, आवाज ऐकावासा वाटतो म्हणून, असे प्रामाणिकपणे सांगून मान खाली घालतात.

दिवाळीत सर्व मंडळी नांदेडला आली. उन्हाळ्यात निवृत्तिवेतनाच्या फरकाची थोडी रक्कम हाती आल्यावर स्वयंपाकघरात मी पाणी शुद्ध करण्याचे एक यंत्र बसवून घेतले आहे. त्यात अल्कलाइन का काय म्हणतात ते एक निळे नळकांडे वेगळे पैसे देऊन घातले आहे, आणि त्याने पचनापासून स्मरणशक्तीपर्यंत पुष्कळ गोष्टी सुधारतात असे विकणाऱ्या तरुणाने सांगितले होते. भाचे लातूरहून थेट गाडी चालवत आलेले. मी स्वतः पेला भरून त्यांच्यापुढे धरला आणि ते पीत असता त्यांच्या कंठमण्याकडे पाहत उभा राहिलो.

“काय? फरक जाणवतो का?”

त्यांनी पाणी तोंडात घोळवले. डोळे मिटले. पदार्थविज्ञानाच्या त्या अध्यापकाने पेला उजेडाकडे धरून आरपार पाहिला, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मी तरोडा नाक्यापलीकडे एकदा त्यांना दिलेली होती.

“लईच फरक आहे, मामा,” ते म्हणाले. “हलकं लागायलंय एकदम.”

मी त्यांना आणखी एक पेला दिला. वीज सकाळपासून गेलेली असून ते पाणी माठातले होते, ही बाब साक्ष पूर्ण झाल्यानंतर उपस्थित करणे मला प्रशस्त वाटले नाही.